पुण्याहून होडीने जेवायला: एका दिवसात काय काय जमतं?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी. जानेवारीत माझे दीर-जाऊ आणि त्यांची मुलं परदेशातून येतायत. ते राहतात तिथे मोठं तळं आहे आणि सुट्टीच्या दिवशी लोक आपली बोट काढतात, तळ्याकाठच्या हॉटेलच्या धक्क्याला लावतात, निवांत जेवतात आणि संध्याकाळपर्यंत घरी. मागच्या वेळी फोनवर मुलांनी विचारलं, काकू तुमच्याकडे एवढी धरणं आहेत तर तुम्ही कुठे जाता बोटीने जेवायला? तेव्हापासून डोक्यात बसलंय की यांना असा एक दिवस आपल्याकडचा दाखवायचाच.

तर अटी अशा आहेत: पहाटे पुण्यातून निघून रात्री घरी. बोटीचा प्रवास खराखुरा हवा, दहा मिनिटांची गोल चक्कर नको. जेवण पाण्याच्या काठी, बसून, गरम. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. लहानात लहान मूल सहा वर्षांचं. दोघंजण शाकाहारी, बाकीचे मासे म्हटलं की कधीही तयार. आणि स्वच्छ टॉयलेट, हे मी आधीच लिहून ठेवते कारण बायकांचा अर्धा बेत त्यावरच ठरतो.

कोणी असा दिवस काढलाय का? वेळापत्रकासकट लिहा प्लीज.

नदीकाठचा

ताई, आधी जे जमणार नाही ते सांगतो म्हणजे शोधाशोध वाचेल. खडकवासला डोक्यातून काढा, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथे आपल्यासाठी प्रवासी बोटी नाहीत, चौपाटीवर कणीस आणि कांदाभजी खायची आणि सिंहगडाकडे बघायचं, बस. मुळशीला काठावर छान हॉटेलं आहेत, पाणी समोर दिसतं, पण तुम्ही जाणार गाडीनेच. पानशेतला वॉटर स्पोर्ट्सवाले एक फेरी मारून जिथून उचललं तिथेच सोडतात. पवनेला तंबू आणि बार्बेक्यू, तो रात्रीचा कार्यक्रम, सासूबाईंसाठी नाही.

शहरातल्या नदीबद्दल तर बोलायलाच नको, वाईट वाटतं. बंडगार्डनला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासून आहे, इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबची रेगाटा कित्येक पिढ्यांनी काठावर उभं राहून बघितलीय, म्हणजे या गावाला होडीची सवय नव्हती असं नाही, पण आज मुठेच्या काठी बसून जेवावं असं पाणी आपण ठेवलेलं नाही.

त्यामुळे बेत तीनच उरतात. उजनीचा फुगवटा म्हणजे भिगवण, कोयनेचा शिवसागर म्हणजे तापोळा, नाहीतर सरळ समुद्र. तिन्हीचे जाणकार इथे आहेत, येतीलच.

इंदापूरकर

आलो! भिगवण माझं घरचं अंगण आहे म्हणून सविस्तर लिहितो.

पुण्यातून साडेपाचला निघा. सोलापूर हायवे, यवत, पाटस, कुरकुंभ करत शंभर-एकशेपाच किलोमीटर, साडेसातपर्यंत भिगवण. पुढे हायवे सोडून आत कुंभारगावला किंवा अलीकडे डिकसळला वळायचं. होड्या मच्छिमारांच्या असतात, ते वर्षभर त्याच पाण्यात जाळी टाकतात त्यामुळे आज पक्षी कुठल्या बाजूला उतरलेत हे त्यांना पहाटेच कळलेलं असतं. पक्ष्यांच्या जवळ गेलं की इंजिन बंद करून वल्ह्यावर घेतात. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, हे मुख्य आकर्षण, पण चित्रबलाक आणि पट्टकादंबाचे थवे बघायला लोक कॅमेरे घेऊन लांबून येतात. दीड-दोन तास आरामात जातात.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. फ्लेमिंगो उथळ पाण्यात चिखल चाळून खातो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्याला उभं राहायला जागाच नसते. पाणी उतरायला लागलं, कडेची दलदल उघडी पडली की तो येतो. त्यामुळे जानेवारीत येणार म्हणजे दिसणारच असं समजू नका, निघायच्या दोन दिवस आधी नावाड्याला फोन करून विचारा, तो खरं सांगतो.

आणि आता जेवण, ज्याच्यासाठी हा धागा आहे. आमच्याकडे धक्क्याला बोट लावून मेन्यूकार्ड मागवायचं असा प्रकार नाही. आमच्याकडे आधी जेवण सांगायचं, मग होडीत बसायचं. कुंभारगावात मच्छिमारांच्या घरीच जेवणाची सोय असते. सकाळी होडीत चढायच्या आधी माणसं किती, मासे खाणारे किती, तिखट किती हे सांगून जायचं. मग तुम्ही पाण्यावर असताना चिलापी साफ होते, मरळ किंवा वाम मिळाली असेल तर रस्सा चढतो आणि तुम्ही उतरेपर्यंत भाकऱ्या थापायला घेतात. न सांगता दुपारी एक वाजता दहा माणसं जाऊन बसलात तर ताजं करायला दीड तास लागणारच, आणि मग लोक जाऊन नेटवर लिहितात की सर्व्हिस स्लो.

चिलापीला काटे कमी, मुलांना बिनधास्त द्या. वाम दिसायला सापासारखी असते म्हणून शहरातले लोक घाबरतात पण खाल्ली की परत मागतात.

कोथरूडकरीण

इंदापूरकर, मनापासून धन्यवाद, हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं. दोन प्रश्न. शाकाहाऱ्यांचं काय? आणि होडीत चढताना सासूबाईंना पाण्यात उतरावं लागेल का?

इंदापूरकर

शाकाहाऱ्यांची तर जानेवारीत चैन आहे. हुरड्याचे दिवस ते! भिगवण-इंदापूर-बारामती पट्ट्यात शेतावर हुरडा मिळतो, सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी, दही. आणि घरी भरीत-पिठलं-भाकरी सांगितलं की आनंदाने करून देतात, फक्त मासे तळलेल्या तव्यावर भाकरी नको असेल तर तसं आधीच बोला, कोणी रागावत नाही.

चढण्याबद्दल: पाणी जसं उतरतं तसा काठ लांब जातो, मग थोडं चिखलातून चालावं लागतं आणि होडीच्या कडेवरून पाय टाकावा लागतो. दोन माणसं दोन बाजूंनी धरतील. होडीत प्लास्टिकची खुर्ची ठेवून देतात काहीजण पण ती मला पसंत नाही, खालच्या फळीवर उशी टाकून बसवा, तोल चांगला राहतो. टॉयलेट घरी आहे, काठावर नाही, त्यामुळे आधी घरी थांबून मग पाण्यावर जायचं.

डेक्कनक्वीनवाला

समुद्राचा बेत मी देतो, आणि गाडी न चालवता.

डेक्कन क्वीन पुण्यातून सव्वासातला, सीएसएमटीला दहा पंचवीस. टॅक्सीने गेटवे पंधरा मिनिटं. तिथून अलिबागजवळच्या मांडव्याच्या बोटी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतात, सव्वाअकराच्या आसपासची धरली की तासाभरात मांडवा. वरच्या डेकवर बसा, थोडे जास्त पैसे घेतात पण थंडीत सीगल बोटीच्या मागे मागे येतात ते बघायला मुलं वेडी होतात. मांडव्याच्या जेट्टीला लागूनच हॉटेलं आहेत, अगदी पाण्यावर, म्हणजे तुमच्या दिरांकडे जे आहे त्याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडे हेच. दोन अडीच तास बसा, तीनच्या आधीची बोट पकडा, कारण डेक्कन क्वीन सीएसएमटीहून पाच दहाला सुटते आणि ती कोणासाठी थांबत नाही, १९३० पासून थांबलेली नाही. साडेआठला पुण्यात.

या सगळ्या बेताचा कणा म्हणजे परतीची बोट. लोक सकाळची बोट ठरवतात आणि परतीचं तिकडे गेल्यावर बघू म्हणतात. उलटं करा. पाच दहाची गाडी, म्हणजे साडेचारला टॅक्सी, म्हणजे चारला गेटवे, म्हणजे तीनच्या आत बोटीत. मग जेवायला किती वेळ उरतो ते बघा आणि त्यात बसेल तेवढंच मागवा.

सोलकढी

मांडव्याच्या जेट्टीवर जेवण महाग आहे आणि सुट्टीच्या दिवशी टेबलासाठी ताटकळायला लागतं. बोटीच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, त्या बसने अलिबागला जा, खानावळीत सुरमईचं ताट, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, निम्म्या पैशात आणि चव दुप्पट.

डेक्कनक्वीनवाला

चवीबद्दल मान्य. पण त्या बसला जाऊन-येऊन दीड-दोन तास जातात, आणि पाच दहाची गाडी धरायची तर ते जमत नाही. शिवाय ताईंनी पाण्याच्या काठी जेवायचं म्हटलंय, अलिबागच्या खानावळीत समोर भिंत असते.

अलिबागची_सून

दोघांचंही बरोबर आहे पण ७४ वर्षांच्या बाईंना गेटवेवरून बोटीत चढवायचा विचार आधी करा. ओहोटी असली की पायऱ्या खालपर्यंत उघड्या पडतात, त्यांच्यावर शेवाळ असतं, आणि धक्क्याला एकापुढे एक बोटी लागलेल्या असतील तर एका बोटीतून दुसरीत जावं लागतं. माझ्या सासूबाईंनी दोनदा हे केल्यावर आम्ही ठरवलं की यापुढे त्यांना रो-रोनेच न्यायचं.

रो-रो भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाते, २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. गाडी सरळ बोटीच्या पोटात जाते, आईंना गाडीतून उतरवायचं आणि वर बसायच्या जागेपर्यंत सावकाश जिना चढवायचा, कुठेही हलत्या फळीवरून उडी नाही. तासाभरात मांडवा. टॉयलेट बोटीवरच आहे, चांगलं आहे.

पुण्याहून असं करा. एक्सप्रेसवेने निघून अटल सेतूवरून शिवडीला उतरा, तिथून भाऊचा धक्का जवळच. सेतू २०२४ ला उघडल्यापासून हा रस्ता खूप सोपा झालाय. अटल सेतू स्वतःच एक देखावा आहे, साधारण बावीस किलोमीटर, आणि त्यातला बराचसा पाण्यावर. मग रो-रोने मांडवा, जेट्टीवर किंवा गाडी असल्यामुळे हवं तिथे जेवण, आणि परत येताना बोट नकोच, पोयनाड-पेण-खोपोली करत रस्त्याने पुणे. असं केलं की परतीच्या बोटीची धाकधूक राहत नाही. गाडीचं तिकीट मात्र ऑनलाइन आधी काढा, शनिवार-रविवारी ऐनवेळी मिळत नाही.

आणि जेवणाचं सोलकढी म्हणतायत तसंच, पण मध्यम मार्ग आहे. मांडवा, सासवणे, किहीम या पट्ट्यात घरगुती जेवण देणारी घरं आहेत, बागेत वाडीत बसून. आधी फोन करून सांगायचं. जानेवारीत वालाच्या शेंगा असतात, पण पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा प्रकार, लावतात ती संध्याकाळी आणि ती तुमच्या वेळेत बसणार नाही, त्याऐवजी बिरडं मागा.

रेवदंड्याचे_काका

सुनबाईंनी ओहोटीचा विषय काढला म्हणून सांगतो, पुण्याच्या लोकांना हे कोणी सांगत नाही. दिनदर्शिका घ्या, तिथी बघा, तिची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावस्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. मोबाइलवर हल्ली मिनिटासकट कळतं तेही बघा, पण आमच्याकडचे कोळी अजून असाच हिशोब तोंडी करतात आणि दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे सोडली तर बरोबर येतो.

तुमच्या कामाचं असं की दशमीच्या सुमारास गेलात तर जेवायच्या वेळेला, दीड-पावणेदोनला, पाणी पार खाली गेलेलं असेल. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे गेलात तर जाताना पाणी भरलेलं आणि तीनच्या आत निघालात तर येतानाही बरं. त्या दिवसांत उधाण असतं, पाण्याला ओढ जास्त, त्यामुळे छोट्या होडीत बसणार असाल तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस शांत. मोठ्या बोटीला फरक पडत नाही.

ज्यांना गर्दी नको त्यांच्यासाठी करंजा ते रेवस लाँच आहे. उरणजवळ करंजाला गाडी लावा, पाव तासात खाडी ओलांडून रेवसला. तिथे गाळ खूप साचतो, ओहोटीला लाँच अडते, म्हणून तिथी बघूनच जा.

पोहणारी_पल्लवी

सगळे खाण्याबद्दल लिहितायत म्हणून मी दुसरं लिहिते, आणि कृपया कोणी हे वाचून पुढे जाऊ नका.

२१ मे २०२४ ला उजनीत, कळाशी आणि कुगावच्या मध्ये, संध्याकाळी वादळी वारा सुटून प्रवासी बोट उलटली आणि सहा माणसं गेली. रोजच्या जाण्यायेण्याची बोट होती ती. त्याच वर्षी डिसेंबरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. दोन्ही ठिकाणी पाणी आपल्या माहितीतलंच होतं.

म्हणून एवढं कराच. लाइफ जॅकेट नुसतं मांडीवर ठेवायचं नाही, घालायचं आणि पट्टे बांधायचे. सहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं जॅकेट दिलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून येतं, त्यामुळे त्याच्या मापाचं पुण्यातून विकत घेऊन जा. नावाडी म्हणाला की अजून तीन माणसं बसतील, तर नाही म्हणा आणि दुसरी होडी करा, पैसे वाचवायची ही जागा नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर धरणाच्या पाण्यावर जाऊच नका, वळीव कधी येईल सांगता येत नाही आणि उजनीसारख्या पसरट पाण्यावर आडोसा कुठेच नसतो. जानेवारीत हवा शांत असते तरी सकाळचीच वेळ धरा.

इंदापूरकर

पल्लवीताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के. त्या दिवसानंतर आमच्या भागात कितीतरी दिवस लोक पाण्याकडे बघायला तयार नव्हते. होडीत चढण्याआधी जॅकेट मागा, नसेल तर दुसऱ्या नावाड्याकडे जा. मी आमच्याच माणसांना हे तोंडावर सांगतो.

सातारी_कंदी

तापोळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. पुणे-वाई-पाचगणी-महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर आणि पुढे घाटातून तासभर उतरलं की तापोळा. कोयना धरण १९६४ चं, त्याचा हा फुगवटा, शिवसागर. पाणी दोन्ही बाजूंच्या डोंगरात आत आत शिरलेलं आहे, कोयना, सोळशी आणि कांदाटी जिथे मिळतात तिथपर्यंत बोट जाते. बोट क्लबवर दर फलकावर लिहिलेले असतात, पूर्ण बोटीचे, त्यामुळे सात-आठ जण असतील तर परवडतं.

काठावर छोटी हॉटेलं आणि कृषी पर्यटनवाले आहेत, काही पलीकडच्या काठावर जिथे बोटीनेच जाणं सोपं. चुलीवरची भाकरी, पिठलं, गावठी कोंबडी, धरणातला मासा. जानेवारीत स्ट्रॉबेरीचा हंगाम, येताना घेता येईल. पण एका दिवसात जाऊन येऊन आठ-नऊ तास गाडीत, आणि घाटाच्या वळणांनी मुलांना मळमळतं. माझं मत विचाराल तर तापोळा एक रात्र राहायलाच जा. हा तलाव घाईत बघायचा नाही.

वासोटा किल्ला कोणी सुचवला तर सासूबाईंसोबत नाही, तो डोंगर चढायचा आहे आणि वनखात्याची परवानगी लागते.

दिघीचा_दर्या

आणि ज्यांच्या घरी गाडी चालवणारे दोघं आहेत त्यांच्यासाठी आमची फेरी. ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत दिघी. तिथे गाडीसकट जंगल जेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढा, वीस मिनिटांत आगरदांडा. समोर जंजिरा दिसत राहतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने किल्ल्यात, मग मुरुडला जेवण, परत रोहा-कोलाड करत पुन्हा ताम्हिणी. पहाटे पाचला निघालात तर होतं. दिवेआगरला उकडीच्या मोदकांचं जेवण हवं असेल तर मुरुड गाळा आणि आदल्या दिवशी मोदकांची संख्या सांगा, ऐनवेळी मागितले तर मिळत नाहीत. किल्ल्यात उतरताना होडी हलत असते आणि दरवाजाच्या पायरीवर उडी घ्यायला लागते, त्यामुळे गुडघेवाल्यांनी काठावर सोलकढी घेत बसावं.

पावसाळ्यात यातलं काही धरू नका. जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा लाकडी बोटी बंद, जंजिरा बंद, आणि ताम्हिणीत दरडी.

कोथरूडकरीण

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! घरी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाईंनी स्वतः दिनदर्शिका काढून तिथीची पाऊणपट केली आणि पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसावर बोट ठेवलं.

तर ठरलं असं. सगळ्यांचा मिळून दिवस रो-रोचा, अटल सेतूवरून भाऊचा धक्का, सकाळची बोट, किहीमच्या बाजूला वाडीत जेवण, आणि पेण-खोपोली करत परत. पाण्याच्या अगदी काठावर चहा आणि भजी मांडव्याच्या जेट्टीवर उतरल्या उतरल्या घेऊ, म्हणजे जाऊबाईंना फोटोही मिळतील आणि जेवण घरगुती होईल. भिगवण वेगळ्या दिवशी, मधल्या वारी, दीर आणि मोठी मुलं तेवढीच, आणि चिलापी आधी सांगून. तापोळ्याला उन्हाळ्याच्या आधी आम्ही दोघं राहायला जाऊ.

अलिबागची सून, वाडीत जेवण सांगायला किती दिवस आधी फोन करायचा? आणि शाकाहारी दोघांसाठी वेगळं सांगावं लागेल का?

अलिबागची_सून

दोन दिवस आधी फोन करा, आदल्या संध्याकाळी परत एक आठवणीचा. माणसं किती आणि त्यातले शाकाहारी दोन असं स्पष्ट सांगा. बिरड्यासाठी वाल भिजवून, मोड आणून सोलावे लागतात, ते एका दिवसात होत नाही, त्यामुळे ते पहिल्याच फोनला सांगा. मासा कोणता हे मात्र ठरवू नका, त्या दिवशी जो ताजा येईल तो करा एवढंच म्हणा. आणि सातच्या आत एक्सप्रेसवेला लागा, कारण रो-रोला गाडी घेऊन वेळेच्या बऱ्याच आधी रांगेत उभं राहावं लागतं.

पोहणारी_पल्लवी

आणि लहानग्याचं जॅकेट घेतलंत की त्याला घालून बघा, पट्टा बांधून खांद्याला धरून वर उचला. हनुवटीच्या वर सरकलं तर एक साइज कमी घ्या.